तळ्याचा शोधपाठ

त्या उन्हाळ्यात तळं इतकं मागं सरलं की होडी पाण्यापर्यंत न्यायला चिखलातून ओढावी लागायची. एका रविवारी उजाडता उजाडता आम्ही पोचलो, तर पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती. पिल्लं नव्हती ती. वर्षभर वाढवलेले, बाजारात न्यायच्या बेताला आलेले मासे होते. जे जिवंत होते ते वर येऊन तोंड वासत होते. बाबांनी वल्हं होडीत ठेवलं, विजार मांडीपर्यंत गुंडाळली आणि पाण्यात उतरून हातानंच मासे गोळा करायला लागले. मी टोपल्या भरल्या, दादानं त्या डोक्यावरून काठापर्यंत वाहिल्या. दादा शाळेत मास्तर आहे, त्याच्या हाताला खडूची सवय. दर खेपेला तो तोंड फिरवून श्वास घ्यायचा, पण टोपली वाटेत कुठं खाली ठेवली नाही. ऊन चढेपर्यंत आम्ही खड्डा खणला, मासे टाकले, वर चुना पसरला. बाजारात बसून मासे विकते ती आमची आई. ती कडेला उभी राहून सगळं बघत होती. आता गिऱ्हाइकांना माशांऐवजी माझं तोंड दाखवू का, असं म्हणाली आणि चहा ठेवायला घरी गेली.

तळ्याच्या वरच्या अंगाला शेतं आहेत, खालच्या अंगाला आम्ही मासेवाले. शेतांमधून येणारा ओढा तळ्यात उतरतो. बाबांचं म्हणणं असं की शेतवाले पोत्यानं खत ओततात, ते ओढ्यातून तळ्यात येतं, पाणी हिरवं होतं आणि मासे गुदमरतात. शेतवाले म्हणायचे, तुम्हीच माशांना खायला म्हणून पाण्यात पेंड आणि कोंडा टाकता, तोच कुजतो. दोन्ही बाजूंना घसे चांगले होते, त्यामुळे भांडण दर उन्हाळ्यात व्हायचं. या खेपेला मात्र बाबांनी ठरवलं होतं की पाणी समितीपुढं जायचं आणि ओढ्याच्या तोंडाला बांध घालायला लावायचा. बांध घातला असता तर ओढ्याचं पाणी शेतांमध्ये तुंबलं असतं. हे बाबांना माहीत नव्हतं असं नाही. पण खड्ड्यावर चुना टाकलेल्या माणसाला दुसऱ्याच्या शेताची काळजी करायला सांगून उपयोग नसतो.

आता वहिनींबद्दल सांगतो. मला वहिनींचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. दादाची बायको म्हणून त्या या घरात आल्या तेव्हा त्याही शिक्षिका होत्या. पुढं त्यांना आसपासच्या सगळ्या शाळांचं एक वेगळं काम मिळालं. नेटवर मुलांसाठी शोधपाठ असतात. त्यात धडा वाचायचा नसतो. एक प्रश्न असतो, आणि मुलांनी नकाशे, तक्ते, फोटो बघून, आकडे ताडून त्याचं उत्तर स्वतः काढायचं असतं. असे पाठ ढिगानं आहेत, त्यातले चांगले थोडे. कुठल्या वर्गाला कुठला घ्यायचा, आणि घेतला तर वर्गात तो कसा वापरायचा, हे शिक्षकांबरोबर बसून ठरवायचं, हे वहिनींचं काम. स्कूटर घेऊन त्या गावोगाव फिरायच्या. पोरं त्यांना लिंकबाई म्हणायची, आणि काही शिक्षक पाठीमागं आणखी काही म्हणायचे.

म्हणायचे, कारण वहिनींना पटकन काही पसंत पडायचं नाही. शेजारच्या गावातल्या एका सरांनी ज्वालामुखीचा पाठ निवडला होता. फार देखणा पाठ, एक बटण दाबलं की धूर, दुसरं दाबलं की गडगडाट. वहिनींनी विचारलं, सर, यात मुलांनी शोधायचं काय राहिलंय? सर खुशीत म्हणाले, काहीच नाही बाई, सगळं दाखवलंय त्यांनी. वहिनींनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आई पदरात तोंड घालून हसली होती. दुसऱ्या एका शाळेत पोरं हिरवी खूण येईपर्यंत एकामागून एक बटणं दाबत होती आणि शिक्षिकेला वाटत होतं की वर्ग हुशार निघाला. ते म्हणजे आम्ही गढूळ पाण्यात गळ टाकतो तसं, असं मी म्हणालो. वहिनींनी ते वाक्य पुढच्या बैठकीत वापरलं आणि माझं नावही सांगितलं. मासेमाराचं नाव शिक्षकांच्या बैठकीत निघालं म्हणून मी आठवडाभर ताठ मानेनं जाळं ओढत होतो.

त्यांचा एक नियम होता आणि त्यात सूट नव्हती. वर्गाला पाठ द्यायच्या आधी शिक्षकानं मुलांच्या बाकावर बसायचं आणि तो पाठ मुलांसारखा, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्वतः करायचा. अंदाज आधी सांगायचा, मग पुरावा बघायचा, चुकलं तर चुकू द्यायचं. भलेभले शिक्षक त्यांनी असे बाकावर बसवले होते. एका गुरुजींचे गुडघे बाकाखाली अडकले, तर वहिनी म्हणाल्या, पाठ संपेपर्यंत निघू नका, मग काढू.

त्या रविवारी मासे पुरून आल्यावर दादा अंघोळ करून टॅब घेऊन बसला. त्याला तळ्यातल्या माशांवरच एक शोधपाठ सापडला. तळ्यातले मासे का मेले, हाच प्रश्न. आपण आज जे डोळ्यांनी बघितलं तेच, म्हणून दादा हरखला. पहिली काही पानं त्यानं बघितली. छान होती, पाण्याचे नमुने, नकाशा, कोळी आणि शेतकरी दोघांचे जबाब. पुढं बघता बघता त्याचा डोळा लागला, टॅब छातीवर. संध्याकाळी वहिनींनी विचारलं, शेवटपर्यंत केलात ना? दादा म्हणाला, केला. वहिनींना दुसऱ्या दिवशी लांबच्या शाळेत जायचं होतं. नवऱ्याच्या शब्दावर त्यांनी पाठाला होकार दिला आणि कपडे इस्त्री करायला घेतले.

सोमवारी दादानं वर्गात पाठ लावला. एका टॅबवर तिघं, एकानं वाचायचं, एकानं बटण, एकानं लिहायचं, हीही वहिनींचीच पद्धत. मासेवाल्यांची आणि शेतवाल्यांची पोरं मिसळून बसवली होती. तास रंगला. आणि सगळे शेवटच्या पानावर गेले. तिथं शेताचं चित्र होतं, खताच्या पोत्यावर लाल बाण होता आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, बरोबर उत्तर : शेतातलं खत. मासेवाल्यांच्या पोरांनी टाळ्या पिटल्या. कुणीतरी बाक वाजवला. शेतवाल्यांपैकी ट्रॅक्टरवाल्या काकांची मुलगी त्या वर्गात आहे. रोज फळ्यावर तारीख लिहायला धावते म्हणून तिला सगळे खडू म्हणतात. खडूनं टॅब उपडा ठेवला आणि तास संपेपर्यंत मान वर केली नाही. दादा म्हणतो की त्याला तेव्हाच कळलं, पण काय करावं ते सुचलं नाही.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. बाबा त्या दिवशी इतके खूश होते की त्यांनी दाढी केली. अंगणात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की संगणकानं निकाल दिला, सुनेच्या संगणकानं. आईनं दोनदा आत बोलावलं तरी उठले नाहीत. तेवढ्यात ट्रॅक्टरवाले काका आले. आत या म्हटलं तर आले नाहीत, फाटकावर हात ठेवून उभे राहिले. एरवी मोठ्यानं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी आवाज अगदी खाली.

"माझी पोरगी जेवली नाही," ते दादाला म्हणाले. "मला विचारते, बाबा, मासे तुम्ही मारले का? मास्तर, भांडण आपलं होतं. त्यात तिला कशाला ओढलंत?"

दादा काही बोलायच्या आत ते निघून गेले. बाबा म्हणाले, झोंबलं म्हणजे खरं असणार. मला ते त्या वेळी पटलं होतं, हेही सांगतो.

मंगळवारी शेतवाल्यांचं एकही पोर शाळेत आलं नाही. अर्धा वर्ग रिकामा. हेडसर तसे भले गृहस्थ, पण घाबरट. त्यांनी वहिनींना फोन करून सांगितलं की शुक्रवारी पाणी समिती बसणार आहे, तोपर्यंत पोरं परत आली नाहीत तर टॅब पेटीत घालून वर पाठवावे लागतील, आणि बाई, तुम्ही या शाळेत परत न आलेलं बरं. एका शाळेतून काम असं गेलं की बाकीच्या शाळांतून जायला वेळ लागणार नव्हता. वहिनींनी कित्येक वर्षं स्कूटरवर उन्हातान्हात फिरून जे उभं केलं होतं, ते एका पानापायी जायची वेळ आली.

वहिनी घरी आल्या, पाय धुतले आणि चहासुद्धा न घेता तो पाठ करायला बसल्या. स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून त्यांनी पहिल्यापासून केला. दादा दारात उभा. आई भांडी घासत होती, तीही हळूच घासायला लागली. शेवटचं पान आलं तेव्हा वहिनींनी टॅब बाजूला ठेवला. मला वाटलं आता आवाज चढणार. चढला नाही.

"जगभराच्या शिक्षकांना मी बाकावर बसवते," त्या म्हणाल्या, "आणि घरच्या माणसाला नुसतं विचारून सोडलं."

दादा म्हणाला, मी खोटं बोललो. मला त्याची कीवही आली आणि बरंही वाटलं, कारण आमच्या घरात चुकलो म्हणायची फारशी रीत नव्हती. मग वहिनींनी त्याला समजावून सांगितलं, शाळेतल्या इतर शिक्षकांना सांगतात तसंच, ना कमी ना जास्त. तो पाठ कुठल्यातरी दुसऱ्या तळ्याचा होता. आकडे त्या तळ्याचे, ओढा त्या तळ्याचा. त्या तळ्यात कुणी पेंड टाकतच नव्हतं, मग ती दोषी निघेल कशी? शिवाय उत्तर शेवटच्या पानावर आयतं ठेवलं होतं, म्हणजे मुलांनी काढलेलं उत्तर कुणी विचारलंच नव्हतं. पाठ वाईट नव्हता. शेवटचं पान झाकून आणि आपल्या तळ्याची जोड देऊन वापरायचा होता.

बाबा ओट्यावरून हे सगळं ऐकत होते. आत आले. म्हणाले, सूनबाई, शुक्रवारी समितीपुढं तू उभी राहा आणि पाठात काय लिहिलंय तेवढं सांग. तुझा शब्द ते मानतील.

"बाबा, तो पाठ आपल्या तळ्याचा नाही," वहिनी म्हणाल्या.

"खत सगळीकडं सारखंच असतं."

"असेल. पण आपलं तळं अजून कुणी बघितलेलं नाही. न बघता मी कसं सांगू?"

"या घरात जेवतेस, सूनबाई."

आईच्या हातातलं पातेलं वाजलं. वहिनी उठल्या, बाबांचं ताट वाढलं, समोर ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या की जेवते म्हणूनच खोटं सांगणार नाही. बाबांनी ताटाला हात लावला नाही. ते भरल्या ताटावरून उठले, आणि आमच्या घरात अन्नाचा असा अपमान त्याआधी झालेला मला आठवत नाही. वहिनी ताटाकडं बघत राहिल्या. डोळे भरून आले होते, पण पुसले नाहीत. मग आईनं ते ताट स्वतःपुढं ओढलं आणि म्हणाली, त्यांना राग पचत असेल तर पचू दे, मला भूक आहे.

बुधवारी सकाळी दादा आणि वहिनी शेतवाल्यांकडं गेले. मी होडीला डांबर लावायचं सोडून मागं गेलो, भांडण झालंच तर असावं कुणीतरी म्हणून. ट्रॅक्टरवाले काका अंगणात ट्रॅक्टर धूत होते. त्यांनी या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. पाइपचं पाणी चाकांवर मारत राहिले. आम्ही तिघं उन्हात उभे, चपला चिखलात, आणि शेजारच्या अंगणांतून बायका बघत होत्या. दादाच्या विजारीवर शिंतोडे उडत होते, तो हलला नाही. पुढचं चाक झालं, मागचं झालं, मग दुसऱ्या बाजूची दोन्ही झाली. शेवटी काकांनी नळ बंद केला तेव्हा दादा म्हणाला की शेवटचं पान न बघता मी पाठ दिला, चूक माझी आहे, आणि मासेवाल्याचा मुलगा म्हणून मुद्दाम केलं असं तुम्हाला वाटलं तर तुमचा दोष नाही. खडू दाराआड उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

वहिनींनी माफी मागितली नाही, मदत मागितली. मुलीला उद्या एक दिवस पाठवा, म्हणाल्या, आणि परवा तुम्ही स्वतः या. मुलांच्या बाकावर बसून तोच पाठ करा, मग काय ते ठरवा. काकांनी पाइप गुंडाळायला घेतला.

"तुमचे सासरे बसणार का बाकावर?" त्यांनी विचारलं.

"बसतील," वहिनी म्हणाल्या.

परत येताना मी म्हणालो, वहिनी, बाबा तुमच्याशी बोलत नाहीत, बाकावर कुठले बसतात? त्या म्हणाल्या, भावजी, मलाही माहीत नाही, पण नाही म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं. एवढं बोलून त्यांनी चिखलानं भरलेल्या चपला हातात घेतल्या आणि अनवाणी चालायला लागल्या.

गुरुवारी मुलांना तळ्यावर न्यायचं होतं. वहिनींनी दादाकडून रंगाच्या डब्यांची पांढरी झाकणं गोळा करून घेतली, खाली दगड बांधले, दोरीला वीत वीत अंतरावर गाठी मारल्या. झाकण पाण्यात सोडायचं आणि दिसेनासं झालं की किती गाठी बुडाल्या ते मोजायचं. पाणी जितकं हिरवं, गढूळ, तितक्या गाठी कमी. ओढ्याच्या तोंडाशी मोजायचं, मधोमध मोजायचं, आणि आम्ही पेंड टाकतो त्या जागी मोजायचं. ती शेवटची जागा वहिनींनी सांगितली तेव्हा मी दादाकडं बघितलं आणि दादानं माझ्याकडं. होडी लागणार होती, आणि होडी बाबांची.

मी बाबांना विचारायला गेलो तर ते म्हणाले, होडी कुणाची आहे ते ठाऊक आहे ना? तेवढ्यात आई आतून म्हणाली की दर वर्षी डांबराचा डबा मी बाजारातून आणते, तर निम्मी माझी आहे, आणि माझी निम्मी मी पोरांना दिली. बाबांनी तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले की तुझ्या हातात पोरांनी भरलेली होडी देऊ? गेल्या वर्षी खुंटाला धडकवली होतीस. आणि वल्हं उचलून पुढं चालायला लागले. मला राग यायला हवा होता, पण मी मागनं हसत गेलो.

शेतवाल्यांची सगळी पोरं आली नव्हती, पण खडू आली होती आणि तिच्यामागून आणखी काही. बाबांनी एकेकाला दंडाला धरून होडीत बसवलं, मधोमध बसा, उभं राहिलात तर परत काठावर, अशी तंबी दिली. वहिनी काठावर थांबल्या. मोजणं मुलांचं, त्या मध्ये पडणार नव्हत्या. मी चिखलात उभा राहून होडी ढकलली आणि कमरेपर्यंत पाण्यातून बरोबर चाललो.

ओढ्याच्या तोंडाशी झाकण लगेच दिसेनासं झालं. मासेवाल्यांच्या पोरांनी खडूकडं बघितलं. तिनं ओठ आवळले आणि लिहिलं. बाबांच्या वल्ह्याला जोर आला. मधोमध पाणी बरं होतं, झाकण बरंच खाली जाईपर्यंत दिसलं. मग बाबांनी होडी आमच्या जागेकडं वळवली, जिथं ते रोज सकाळी स्वतःच्या हातानं पेंड टाकतात. खडूनं झाकण सोडलं. ओढ्याशी गेलं होतं तितक्याच लवकर ते गेलं. तिनं वर ओढलं, परत सोडलं. तसंच. बाबांनी वल्हं आडवं धरलं आणि होडीतून वाकून पाण्यात हात घातला. हात बाहेर काढला तेव्हा बोटांना हिरवा चिकट थर होता. तो त्यांनी विजारीला पुसला आणि होडी काठाला लावली. त्या दिवशी ते घरी जेवले.

शुक्रवारी दुपारी समितीच्या आधी शाळेत सगळे जमले. हेडसर घाम पुसत दारात उभे होते. वहिनींनी मोठ्या माणसांना पोरांच्या बाकांवर बसवलं, एका बाकावर एक मासेवाला आणि एक शेतवाला. बाबा आले. नवा सदरा घालून आले. वहिनींनी त्यांना खिडकीजवळचा बाक दाखवला आणि त्याच बाकावर ट्रॅक्टरवाल्या काकांना बसवलं. दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते, म्हणून दोघं दोन दिशांना तोंडं करून बसले. टॅब खडूच्या हातात होता. शिकवणार पोरंच होती.

आधी दादा फळ्यापुढं उभा राहिला. गेल्या सोमवारी त्यानं काय केलं ते त्यानं वर्गापुढं, दोन्ही बाजूंच्या बापांपुढं सांगितलं. शिक्षकानं असं सांगायला छाती लागते. मग पाठ सुरू झाला. शेवटचं पान वहिनींनी बंद करून ठेवलं होतं. त्याऐवजी पोरांनी मोजलेल्या गाठी फळ्यावर होत्या, तिन्ही जागांच्या. मोठी माणसं आधी हसली, मग टॅबवर वाकली. ट्रॅक्टरवाल्या काकांना चष्मा लागायचा आणि तो घरी राहिला होता, तर बाबांनी आपला पुढं केला. काकांनी तो घेऊन डोळ्यांवर चढवला.

शेवटी प्रत्येक बाकानं उत्तर सांगायचं आणि पुरावा दाखवायचा, पुराव्याशिवाय उत्तर धरणार नाही, असं पोरांनी सांगितलं. बहुतेकांनी आपापलीच जुनी उत्तरं दिली आणि पोरांनी एकेकाला पुरावा विचारून खाली बसवलं. खिडकीजवळच्या बाकाची पाळी आली. खडूनं वडिलांकडं बघितलं आणि मग बाबांकडं वळली.

"आजोबा, तुमचं उत्तर?"

समिती तासाभरात बसणार होती, बांधाची मागणी बाबांचीच होती, आणि सगळ्या मासेवाल्यांचे डोळे त्यांच्यावर होते. बाबा बाकातून उठायला गेले, गुडघा अडकला, परत बसले. फळ्याकडं बघितलं.

"ओढ्याच्या तोंडाशी पाणी हिरवं आहे," ते म्हणाले. "आणि मी पेंड टाकतो तिथंही हिरवं आहे. होडी मीच चालवत होतो, मी बघितलं."

"मग मासे कशानं मेले?"

"ते यातून कळत नाही," बाबा म्हणाले. "आणखी मोजायला लागेल."

माझा बाप आयुष्यात कुठल्याही भांडणात माहीत नाही म्हणालेला नव्हता. शेजारी बसलेल्या ट्रॅक्टरवाल्या काकांनी चष्मा काढून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले की माझंही तेच उत्तर लिहा. खडूनं दोघांची नावं एका ओळीत लिहिली. मी वहिनींकडं बघितलं. त्या वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, हाताची घडी घालून. अख्खा तास त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या.

समितीत बाबांनी बांधाची मागणी पुढं ढकलली. काही मासेवाले चिडले, सुनेनं सासऱ्याला गुंडाळलं म्हणाले. बाबांनी ऐकून घेतलं. सोमवारी शेतवाल्यांची पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून शाळेत आली, आणि हेडसरांनी वहिनींना परत फोन केला. टॅबचा विषय त्यांनी काढला नाही, पाठ पुढं कधी घेणार एवढंच विचारलं.

त्याच सकाळी मी रोजच्यासारखी पेंडीची पोती होडीत टाकली. बाबा आले, बघितलं, आणि एक पोतं उचलून परत काठावर ठेवलं. मग दुसरं. म्हणाले की त्या जागी आता पेंड टाकायची नाही, पोरं परत मोजणार आहेत, आपली भर मध्ये नको. मासे उपाशी राहतील, मी म्हणालो. थोडी मधोमध पसरून टाकू, ते म्हणाले. असं किती दिवस करायचं, मी विचारलं.

लग्न होऊन आल्यापासून बाबा वहिनींना सूनबाई म्हणत आलेत. त्या सकाळी त्यांनी वल्हं खांद्यावर घेतलं, शाळेच्या दिशेला बघितलं आणि त्या वर्गातल्या पोरांसारखंच म्हणाले,

"ते बाईंना विचार."